फारम भरला, पैसे कुठे गेले?

कापूस विकून हातात चार पैसे आले की आमच्याकडे लोकांना मुलांच्या कागदपत्रांची आठवण होते. मी एका माध्यमिक शाळेत लिपिक होतो. निवृत्त झालो, तरी दिवाळीनंतर आमच्या ओट्यावर दोन-तीन घरची माणसं बसलेली असतातच. पिशवीत कागद, हातात मोबाइल आणि तोंडी एकच प्रश्न: "भाऊ, फारम तं भरेल शे, पैसा कव्हय येतीन?"

मागे एकदा पारोळ्याकडची एक माउली आली होती. मुलगी धुळ्याला पॉलिटेक्निकला. महाडीबीटीवर अर्ज वेळेत भरलेला, कॉलेजनं मंजूर केलेला, पुढे समाजकल्याण खात्यानंही मंजूर केलेला. पोर्टलवर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं आणि पासबुकात दमडी नव्हती. ती बाई बँकेत चार वेळा जाऊन आली होती. एका फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं ते वेगळं. कॉलेज म्हणे बँकेत विचारा, बँक म्हणे आमच्याकडे आलेच नाहीत. मधल्या मधे कुणीतरी पैसे खाल्ले, अशी तिची खात्री झाली होती.

कुणी खाल्ले नव्हते. मुलीच्या मोबाइलवर आधारचं संकेतस्थळ उघडलं, तिच्या आधारला कोणती बँक जोडलेली दिसते ते पाहिलं, तर तिथं भलत्याच बँकेचं नाव. मग मुलीला आठवलं. बारावीत असताना पोस्टमन दारात आला होता, त्याच्या मशीनवर अंगठा लावला होता, पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं उघडलं गेलं होतं. पैसे आठ महिने त्या खात्यात पडून होते. माउली रडली नाही, हसलीही नाही. "मंग माले चार खेपा कसाले मारायला लावल्या?" एवढंच म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून हे सांगायला बसलो. फारम भरणं म्हणजे काम संपणं नव्हे, काम तिथून सुरू होतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या घरांचे शिष्यवृत्तीचे पैसे अडतात ते बहुतेक वेळा दोन जागी: एक, आधार ज्या खात्याकडे बोट दाखवतं ते खातं घरच्यांना माहीत नसतं, आणि दोन, परत आलेला अर्ज कुणी पाहिलेलाच नसतो. या दोन जागा सांभाळल्या तर निम्म्या खेपा वाचतील.

पहिली जागा नीट समजून घ्या, कारण बँकेतले कर्मचारीही ती घाईत नीट सांगत नाहीत. तुमच्या खात्याला आधार "लिंक" असणं ही एक गोष्ट. ती बहुतेकांची झालेली असते, केवायसीसाठी झेरॉक्स दिली की होते. सरकारी पैसे मात्र खाते क्रमांक पाहून येत नाहीत. ते आधार क्रमांक पाहून येतात. कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे याची एक मोठी वही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे आहे. त्या वहीत एका आधारपुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं, आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेत तुम्ही संमती दिली तिचंच. तुमची तीन खाती असली, तिन्हींना आधार लिंक असलं, तरी पैसे जाणार त्या शेवटच्या बँकेत. पोरगी पुण्याला शिकायला गेली, कॉलेजच्या आवारातल्या बँकेनं खातं उघडून दिलं, तिथं कागदावर सही करताना एका चौकटीत खूण केली, की गावच्या बँकेचं नाव वहीतून गेलं. अर्जात तुम्ही कितीही ठळक अक्षरात खाते क्रमांक लिहा.

म्हणून बँकेत जाऊन "आधार लिंक आहे का?" असं विचारू नका. उत्तर "हो" असंच येईल आणि तुम्ही समाधानानं घरी याल. असं विचारा: "या खात्यात डीबीटीचे पैसे येतील असं आधार सीडिंग झालंय का?" नसेल तर सीडिंगचा संमती अर्ज भरा, पोच घ्या, आठवड्यानं पुन्हा तपासा. तपासायला बँकेत जायची गरज नाही. आधारच्या संकेतस्थळावर आपला आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की बँकेचं नाव आणि ते चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. नववीतल्या पोराला हे पाच मिनिटांत जमतं. फक्त ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर घरात चालू असला पाहिजे, आणि गाडं इथंच अडतं. आधार काढताना दिलेला नंबर काकाचा असतो, काका आता सुरतेत असतो. किंवा रिचार्ज केलं नाही म्हणून सिम बंद पडलेलं असतं. नंबर बदलला असेल तर शाळेचं, कॉलेजचं कुठलंही काम काढण्याआधी आधार केंद्रात जाऊन नवा नंबर चढवून घ्या. आणि तो नंबर आईचा ठेवा. बापाचा मोबाइल शेतात, मुलाचा मोबाइल दर दोन वर्षांनी बदलणारा. आईचा नंबर टिकतो असा माझा अनुभव.

खातं सापडलं तरी ते जिवंत आहे का हेही बघा. दोन वर्षं काहीच देवघेव झाली नाही की बँक खातं निष्क्रिय करते. अधूनमधून पन्नास रुपये भरा, काढा. आणखी एक सांगतो, फारसं कुणाला ठाऊक नसतं. मूल पाच वर्षांचं आणि पुन्हा पंधरा वर्षांचं झालं की आधारचे बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात. पंधराव्या वर्षीचे ठसे सतराव्याच्या आत दिले तर पैसे पडत नाहीत. आता हिशेब करा: पंधरावं वर्ष म्हणजे नववी-दहावी. दहावीच्या परीक्षेच्या गडबडीत ते राहतं, अकरावीला अर्ज भरताना अंगठा जुळत नाही आणि पोरगं म्हणतं "मशीन खराब शे". मशीन खराब नसतं, अंगठा मोठा झालेला असतो.

आता दुसरी जागा. महाडीबीटीवरचा अर्ज "सबमिट" झाला की तो आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडे जातो, तिथून प्राचार्यांकडे, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा बहुजन कल्याण कार्यालयाकडे, आदिवासी मुलांचा असेल तर यावल किंवा धुळ्याच्या प्रकल्प कार्यालयाकडे. या वाटेवर कुठेही तो परत पाठवला जाऊ शकतो. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो अस्पष्ट आला, गुणपत्रिकेची मागची बाजू चढवली, वसतिगृहात राहतो अशी खूण केली पण वसतिगृहाचा दाखला नाही, मध्ये एक वर्ष शिक्षण थांबलं त्याचा खुलासा नाही. कारण तिथं लिहिलेलं असतं, बहुधा इंग्रजीत, बहुधा चार शब्दांत. दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं काम विद्यार्थ्याचं. त्यानं ते केलं नाही तर अर्ज तसाच पडून राहतो आणि वर्ष निघून जातं. कुणी फोन करून सांगत नाही. संदेश आला तर आला, आणि तोही ज्यानं फारम भरून दिला त्याच्याच नंबरवर.

आमच्या खानदेशात याला आणखी एक पदर आहे. पोर्टल उघडतं ते पावसाळ्यात किंवा त्याच्या अलीकडे-पलीकडे, आणि अर्ज परत यायला लागतात ते दिवाळीच्या पुढे-मागे. नेमक्या त्याच दिवसांत चाळीसगाव, पारोळा, साक्री भागातली कुटुंबं ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर निघून जातात. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा आणि भिल्ल कुटुंबं कापूस वेचणीला बाहेर असतात. मायबाप फडावर, पोरगी आजीजवळ, मोबाइल बापाच्या खिशात, आणि फडावर रेंज नाही. पोर्टल बनवणाऱ्यानं खानदेशचं पंचांग पाहिलेलं नाही, हे उघड आहे. पण ते पंचांग तुम्हाला माहीत आहे. निघण्याआधी एक करा: अर्जाचा क्रमांक, यूजर नेम आणि पासवर्ड वहीत लिहून गावातल्या एका भरवशाच्या माणसाकडे, आजीजवळ किंवा वर्गशिक्षकांजवळ ठेवून जा, आणि पोरीला सांगा की दर सोमवारी शाळेतून आल्यावर अर्ज कुठवर पोचला ते बघायचं. दर सोमवारी. मुदत संपायच्या आदल्या रात्री नव्हे. मुदतवाढ होतेच असं लोक म्हणतात, आणि खरंच पुष्कळदा होते. पण ज्या वर्षी होत नाही ते वर्ष तुमच्या मुलाचं असू शकतं.

हे सगळं सांगताना मला राग येत नाही असं नाही. २०१७-१८ साली महाडीबीटी आलं तेव्हा पहिल्याच वर्षी ते कोलमडलं होतं आणि शेवटी अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले होते. त्या दिवसांत मी रात्री अकराला शाळेत बसून फिरणारं चक्र बघितलेलं आहे. तेव्हापासून सुधारणा झाली हे खरं. पैसे थेट खात्यात येऊ लागल्यानं कॉलेजच्या नावाखाली खोटे विद्यार्थी दाखवून उचल करणं अवघड झालं, हेही खरं. पण आधी जे ओझं कार्यालयातल्या कारकुनावर होतं ते आता साक्रीच्या मजुराच्या डोक्यावर आलं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते तेव्हा छात्रालयाचं कामही बघत. कुठल्या मुलाला काय कमी पडतं ते त्यांना ठाऊक असे. पोर्टलला मूल ठाऊक नसतं, त्याला फक्त चौकटी ठाऊक असतात. त्या आपणच नीट भरायच्या.

योजना कोणत्या, हे सगळं इथं मांडत बसत नाही. शाळेच्या फलकावर असतं. पण काही गोष्टी लोकांच्या ध्यानातून सुटतात, तेवढ्या बोलतो. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते, पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं. राज्याला ११,६८२ जागा आहेत. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. पण ही रक्कम महाडीबीटीवरून येत नाही. तिच्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पोरगं पास झालं म्हणून गावात पेढे वाटले जातात, आणि दहावीला नूतनीकरण कुणी करत नाही. अकरावीला शाळा बदलली, तालुक्याच्या कॉलेजात गेलं, तिथल्या लिपिकाला पोरगं एनएमएमएसचं आहे हे माहीतच नाही. तुम्हीच सांगायचं.

अनुसूचित जातीच्या नववी-दहावीच्या मुलांना, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, घरून शाळेत जाणाऱ्याला वर्षाला ३,५०० आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ७,००० मिळतात. सफाईचं आणि तसं घाणीचं, धोक्याचं काम करणाऱ्यांच्या मुलांना पहिलीपासून मिळतात, आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. दहावीनंतर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात फीशिवाय मुलाच्या हातात अभ्यासक्रमाप्रमाणे वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये येतात. शहरात खोली करून राहणाऱ्या आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी अनुसूचित जातीला स्वाधार, आदिवासींना स्वयम्, इतर मागास प्रवर्गाला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. धुळ्यात किंवा जळगावात खोलीचं भाडं भरणाऱ्या पोरानं ही नावं पाठ करावीत.

मुलींच्या बाबतीत एक मोठी गोष्ट झाली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. यात एक मेख आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतूनच, म्हणजे कॅप राउंडमधूनच झालेला पाहिजे. "मॅनेजमेंट कोट्यातून आत्ता जागा घ्या, फी नंतर माफ होईल" असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फी सवलत आहे, तिलाही आठ लाखांची मर्यादा आणि घरातली दोनच मुलं. शाळेच्या पहिल्या पायरीवर आरटीईच्या २५ टक्के जागा. त्यासाठी अर्ज भरताना नकाशावर घराची खूण करावी लागते. ती खूण सायबर कॅफेच्या दारात पडली तर शाळा एक किलोमीटरऐवजी चार किलोमीटरवर दिसते आणि नंबर लागत नाही. खूण स्वतः डोळ्यांनी बघा.

आता दोन योजना अशा, ज्या शिक्षण खात्याच्या नाहीत म्हणून शाळेत कुणी सांगत नाही. गवंडी, सेंट्रिंगवाले, रंगारी, फरशी बसवणारे, त्यांच्या हाताखालचे बिगारी: वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवी वर्षाला २,५००, आठवी ते दहावी ५,०००, अकरावी-बारावीला १०,०००, पदवीला २०,००० मिळतात. शाळेत ७५ टक्के हजेरी हवी. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूरला किती गवंडी आहेत ते मोजा आणि त्यांतल्या किती जणांनी नोंदणीचं नूतनीकरण केलंय ते विचारा. दुसरी, बालसंगोपन. वडील किंवा आई गेलेल्या मुलाला, जिथं दुसऱ्या पालकाला घर चालवणं जड जातं, दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ते १,१०० होते. नवऱ्यानं शेतात जीव दिला आणि तीन लेकरं घेऊन बाई उभी राहिली, अशी घरं आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तिला ही योजना सांगा. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, आणि तिथं तिच्याबरोबर कुणी गेलं तर फार बरं.

आणि जे बंद झालंय तेही माहीत असू द्या. अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीची केंद्राची शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद आहे. तिचा फारम भरून देतो म्हणून कुणी दोनशे रुपये मागत असेल तर ते खिशातच ठेवा.

कागदांचं बोलू. सगळ्यात जास्त लागतो उत्पन्नाचा दाखला, आणि तो चालू वर्षाचा लागतो. जूनमध्ये सेतू केंद्रावर जत्रा भरते. एप्रिल-मेमध्ये शेतात काम कमी असतं, तेव्हा काढून ठेवा. तलाठ्याचा अहवाल लागतो (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून कुणी म्हणत नाही). २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानं उत्पन्नाचा दाखला १५ दिवसांत द्यायचा आहे. दिला नाही, किंवा कारण न देता नाकारला, तर आपले सरकार पोर्टलवरूनच अपील करता येतं, आणि विनाकारण उशीर केल्याचं ठरलं तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून अर्ज केल्याची पोच जपा. त्यावरचा क्रमांक नसेल तर अपील कशाच्या आधारावर करणार? आणि २०२५ च्या मार्चमध्ये महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं की जात, उत्पन्न, रहिवास, नॉन क्रीमिलेअर अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला ५०० रुपयांचा स्टॅम्प लागणार नाही, साध्या कागदावर चालेल. तरी कुणी स्टॅम्प आणायला सांगत असेल तर विचारा, कुठल्या नियमानं? नम्रपणे विचारा, पण विचारा.

नावांचा घोळ हा तर आमच्या लिपिक मंडळींचाच पाप-पुण्याचा हिशेब आहे. घरी सगळे "आबा" म्हणतात म्हणून रजिस्टरला बापाचं नाव आबा, आधारवर भास्कर, बँकेत भास्करराव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं की यंत्राच्या दृष्टीनं ती दोन माणसं. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक मूल शाळेत आहे तोवर दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की ती दुरुस्ती फार जड जाते. म्हणून नववीत, दहावी बोर्डाचा फारम भरायच्या आधी, आधार, रजिस्टर आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर लावून बघा. मी स्वतः एका पोराचं नाव चुकीचं लिहिलं होतं. बारावीनंतर त्याला प्रतिज्ञापत्र आणि राजपत्राच्या मागे दोन महिने फिरावं लागलं. त्याचे वडील मला भेटले की अजून मी आधी मान खाली घालतो. ज्यांना जातपडताळणी लागते, त्यातही टोकरे कोळी कुटुंबांना, कागदांची ही शिस्त आणखी महत्त्वाची. आजोबांच्या शाळेच्या नोंदीपासूनचे उतारे अकरावीतच गोळा करायला लागा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका.

मग ऑनलाइनवाल्याचं काय? त्याला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही. तालुक्याच्या चौकात दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि वीज गेली की बंद पडणारं इन्व्हर्टर घेऊन बसलेला तो पोरगा नसता तर निम्मे अर्ज भरलेच गेले नसते. त्याचे पैसे त्याला द्या. पण अर्जात मोबाइल नंबर तुमचाच घाला, त्याचा नको. ई-मेलही मुलाच्या नावाचा. पासवर्ड तुमच्या वहीत. अर्ज भरून झाला की छापील प्रत घ्या आणि तिथंच उभं राहून वाचा. जात, बँक, टक्केवारी, अभ्यासक्रमाचं वर्ष. मुलाला घेऊन जा आणि त्यालाच खुर्चीत बसवा, ऑनलाइनवाल्याला बाजूला उभं राहू द्या. पुढच्या वर्षी मूल स्वतः भरेल. सरकारमान्य केंद्रावर दराचा फलक लावलेला असतो. त्यापेक्षा जास्त घेतले तर पावती मागा. आणि "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" किंवा "लिंकवर खाते क्रमांक टाका" असा फोन आला तर तो चोरच समजा. खरी शिष्यवृत्ती ओटीपी मागायला फोन करत नाही. पैसे गेलेच तर लगेच, त्याच तासाला, १९३० वर फोन करा. आधारची तक्रार असेल तर १९४७.

शेवटची गोष्ट जरा नाजूक आहे, पण बोलायलाच हवी. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा २०२१ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती फी सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. खात्यात एकदम पंचवीस-तीस हजार दिसतात. नेमका तो खताचा किंवा औषध फवारणीचा हंगाम असतो, बाप म्हणतो आत्ता वापरू, कापूस निघाला की भरू. मी त्या बापाला दोष देत नाही, खत वेळेवर पडलं नाही तर काय होतं ते मला माहीत आहे. पण पुढच्या वर्षी कॉलेज हॉल तिकीट अडवतं, पोरगं तोंड लपवतं, आणि काही वेळा कॉलेजच सोडून देतं. पैसे आले त्याच दिवशी मुलाबरोबर बसा, त्यातली फी किती आणि हातखर्चाचे किती ते कॉलेजच्या लिपिकाकडून लिहून घ्या. फी भरली की पावती त्याच वहीत चिकटवा. कॉलेजनं प्रवेशाच्या वेळीच पूर्ण फी रोख मागितली आणि मूल शिष्यवृत्तीला पात्र असेल, तर तशी मागणी लेखी द्या म्हणा. लेखी द्या म्हटलं की पुष्कळ वेळा मागणी मऊ होते.

ती पारोळ्याची माउली परवा पुन्हा आली होती. धाकट्याचं अकरावीचं होतं. पिशवीतून तिनं आधी दोनशे पानी वही काढली. वरती पेनानं नंबर, खाली बँकेचं नाव, त्याच्याखाली तारखा, एकाखाली एक, सगळ्या सोमवारच्या. अक्षर पोरीचं होतं. "हाई बरोबर शे का, तेवढं देखी द्या," म्हणाली.

एक तारीख चुकलेली होती. ती मी दुरुस्त केली.